फितीवरचा नाद जपायला हवा

चुंबकीय फितीवर आवाज मुद्रित करावा, ती फीत कापावी, जोडावी, उलटी फिरवावी आणि त्यातून संगीत घडवावे, हे पाश्चात्त्यांचे खूळ होय, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. त्यामागे गीता साराभाई यांची प्रेरणा होती. मन शांत करून त्यास दैवी प्रभावास पात्र करणे हे संगीताचे प्रयोजन, हा भारतीय विचार १९४६ मध्ये जॉन केज या प्रयोगशील संगीतकारास त्यांनीच दिला. पश्चिमेच्या प्रयोगामागेही भारतीय चिंतन होते ते असे!

अहमदाबादेत भारतीय संगीतकारांनी केलेल्या फिती पुढे विस्मृतीत गेल्या. २०१७ मध्ये पॉल पुर्गास यांना त्या संस्थेच्या संग्रहात गवसल्या आणि २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या. संग्रह होता, म्हणूनच त्या वाचल्या.

घरोघरीच्या कॅसेटींना असा आश्रय कोठला? बुलडाणा जिल्ह्यातील अमडापूरसारख्या गावांत पोळ्याच्या झडत्या, भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या कंठोकंठी चालत आल्या. कोणी हौसेने त्या मुद्रित केल्या असतील, तर बुरशी आणि धूळ त्या फिती गिळण्यापूर्वी संगणकावर उतरवून घ्याव्यात. गाणारीचे नाव, गाव, वर्ष नोंदवावे. फीत नसेल, तर गाणारी आजी आहे तोवरच मुद्रण करावे. संस्कृतिरक्षणाच्या घोषणांहून हे काम लहान आहे. पण ते उद्यावर टाकता येणार नाही.