शीर्षप्रहेलिका : १९४ अंकांचा हिशेब

अनुयोगद्वार सूत्रातील कालगणनेत ८४ लाख वर्षांचे एक पूर्वांग आणि ८४ लाख पूर्वांगांचे एक पूर्व सांगितले आहे. म्हणजे एक पूर्व ७०,५६,००० कोटी वर्षांचे होते. भगवान ऋषभदेवांचे आयुष्य ८४ लाख पूर्वांचे मानले जाते. या क्रमात ती केवळ तिसरी पायरी होय. पुढे त्रुटितांग, त्रुटित, अडडांग, अडड अशा जोड्यांनी प्रत्येक वेळी ८४ लाखांनी गुणत गेले असता अठ्ठाविसाव्या पायरीवर शीर्षप्रहेलिका येते. परंपराभेदाने या पायऱ्यांची नावे व संख्या बदलतात. येथे अनुयोगद्वाराचा क्रम घेतला आहे.

ही संख्या १९४ अंकांची आहे. ८४ लाखांत पाच शून्ये, ती अठ्ठावीस वेळा आली म्हणजे अखेरची १४० शून्ये झाली. त्यांच्या आधीचे ५४ अंक म्हणजे ८४ चा अठ्ठाविसावा घात :

७५८२६३ २५३०७३ ०१०२४१ १५७९७३ ५६९९७५ ६९६४०६ २१८९६६ ८४८०८० १८३२९६

एवढा गुणाकार बरोबर आहे की नाही, हे कसे ताडावे? पेढीवर गुणाकाराला लावला जाणारा नवाचा ताळा येथेही लागू पडतो. ८४ ला ३ ने भाग जातो, म्हणून त्याच्या घाताला ९ ने भाग गेलाच पाहिजे. वरील अंकांची बेरीज २५२ येते आणि २५२ च्या अंकांची बेरीज ९. ताळा जुळला. एखादा अंक चुकीचा उतरला असता तर तो बहुधा येथेच पकडला गेला असता. मात्र दोन अंकांची अदलाबदल किंवा ९ च्या जागी ० आल्यास हा ताळा मौन राहतो. म्हणून तो जुळला तरी हिशेब निर्दोष ठरतोच असे नाही.

संख्येचे अंतरंग त्याहून साधे आहे. २, ३, ५ आणि ७ या चारच मूळ संख्यांनी ती बनली आहे : २ एकशे शहाण्णव वेळा, ३ अठ्ठावीस वेळा, ५ एकशे चाळीस वेळा आणि ७ अठ्ठावीस वेळा. या प्रत्येक आकड्यात एक मिळवून गुणाकार केला (१९७ × २९ × १४१ × २९) की तिच्या विभाजकांची संख्या मिळते : २,३३,६०,४५७. ही संख्या विषम आहे, कारण शीर्षप्रहेलिका पूर्ण वर्ग आहे. चौदाव्या पायरीच्या संख्येला तिनेच गुणले की ती मिळते.

व्यवहारात मोठ्या रकमेला सहज ‘अगणित’ म्हटले जाते. जैन गणिताने संख्यात, असंख्यात आणि अनंत असे तीन भेद काटेकोरपणे वेगळे ठेवले. १९४ अंकांची शीर्षप्रहेलिकाही संख्यातच आहे. तिच्यापलीकडील काळासाठी शास्त्रकारांनी आकडा न मांडता पल्योपम, सागरोपम अशा उपमा योजल्या. जे मोजता येते ते अखेरच्या अंकापर्यंत मोजावे आणि जे मोजता येत नाही त्याला आकड्याचा आव देऊ नये, ही शिस्त वहीलाही तितकीच लागू आहे.