'पाहिलास का?' या प्रश्नाचं उत्तर

नवा सिनेमा यायचा असला की यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेडच्या आपल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. वर 'बायकॉट', खाली 'प्रत्येक मुसलमानानं पुढे पाठवावा'. ट्रेलर दोन-तीन मिनिटांचा, तोही अर्ध्यांनी उघडलेला नसतो. तासाभरात मेसेज सगळ्या मोहल्ल्यात फिरून येतो. महिनाभरानं तोच सिनेमा मोबाइलवर उतरवून, कानात हेडफोन घालून, घरातले झोपल्यावर पाहिला जातो. त्यावर मात्र कुणी एक ओळ लिहीत नाही.

माझं भांडण या सवयीशी आहे. न पाहिलेल्या सिनेमावर आपण ओरडतो आणि पाहिलेल्या सिनेमावर गप्प बसतो.

ही गंमतीची गोष्ट राहिलेली नाही. फेब्रुवारी 2025 आठवा. 14 तारखेला 'छावा' आला आणि कॉलेजात, एसटी स्टँडवर, नोकरीच्या ठिकाणी एकच प्रश्न सुरू झाला, "पाहिलास का?" एरवी हा किती साधा प्रश्न. त्या महिन्यात मुसलमान पोराला तो परीक्षेसारखा वाटला. "नाही" म्हटलं तर संशय. "हो" म्हटलं तर समोरचा चेहरा वाचत उभा. बहुतेकांनी हसून विषय बदलला. पुढच्याच महिन्यात, 17 मार्चला, आपल्यापासून दीडशे किलोमीटरवरच्या नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल झाली, संचारबंदी लागली, माणूस गेला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितलं, की 'छावा'मुळे लोकांच्या औरंगजेबाविरुद्धच्या भावना पेटल्या. आणि त्या संध्याकाळी आपल्या बाजूला काय पेटलं होतं? जाळलेल्या चादरीवर पवित्र आयती होत्या, ही बातमी. ती अफवा होती, असं सरकारनं सांगितलं. म्हणजे एकीकडे पडद्यावर पाहिलेलं, दुसरीकडे कुणीच न पाहिलेलं, आणि मधे जळालेल्या गाड्या.

"पाहिलास का?" याला तिसरं उत्तर होतं. "पाहिला. विकी कौशलनं जीव ओतलाय. संभाजी महाराजांचा 1689 मध्ये हालहाल करून वध झाला, हा इतिहास आहे, आणि तो पाहताना माझ्याही अंगावर काटा आला. औरंगजेब माझा काका लागत नाही. पण त्या वधाचा हिशेब आजच्या दिग्रसच्या पंक्चरवाल्याकडे मागता येत नाही. सिनेमात मला अमुक पटलं नाही, त्याचं कारण असं." हे उत्तर द्यायला सिनेमा पाहावा लागतो, थोडं वाचावं लागतं आणि आवाज न चढवता बोलावं लागतं. तिन्ही गोष्टी फॉरवर्ड करण्यापेक्षा कठीण आहेत.

याच सिनेमावर आक्षेप घेऊन ज्यांनी काही मिळवलं, त्यांच्याकडे बघा. ट्रेलरमध्ये संभाजी महाराजांचं लेझीम नृत्य होतं. लोकांनी नेमका त्या दृश्यावर आक्षेप घेतला, ते दृश्य निघालं. शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी आणि कान्होजी या दोन पात्रांवर बोट ठेवलं, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी माफी मागितली. त्यांची मागणी बरोबर की चूक, हा वाद वेगळा. पद्धत बघा. कुठलं पात्र, कुठलं दृश्य, काय आक्षेप, सगळं नेमकं.

'द केरला स्टोरी'चंही तेच. केरळातल्या 32,000 मुली धर्म बदलून दहशतवादात ओढल्या गेल्या, असा दावा टीझरमध्ये होता. आपल्यापैकी अनेकांनी बंदी मागितली, पश्चिम बंगाल सरकारनं ती घातलीही. केरळच्या मुस्लिम यूथ लीगनं दुसरी वाट धरली. आकड्याचा पुरावा आणा आणि एक कोटी रुपये घेऊन जा, असं जाहीर आव्हान दिलं. 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयात काय झालं? बंगालच्या बंदीला स्थगिती मिळाली. आणि त्याच दिवशी, 32,000 या आकड्याला अधिकृत आधार नाही, अशी सूचना सिनेमाच्या सुरुवातीला दाखवण्याचं निर्मात्यांना कबूल करावं लागलं. एकाच दिवशी बंदी हरली आणि प्रश्न जिंकला. सिनेमानं तरीही कोट्यवधी कमावले, 2025 मध्ये त्याला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कारही जाहीर झाला. म्हणून काय, प्रश्न विचारणं सोडायचं? पुरस्कार मिळाला तरी ती सूचना निर्मात्यांची कबुली म्हणून नोंदलेलीच आहे. आपल्या बायकॉटची नोंद कुठे आहे?

बहिष्काराचं काय होतं, हे यवतमाळकरांना बाहेरून शिकवायची गरज नाही. जानेवारी 2019 मध्ये 92वं साहित्य संमेलन आपल्याच शहरात भरलं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि धमक्या आल्यावर आमंत्रण मागं घेतलं. झालं काय? एरवी मांडवात हजार-दोन हजारांनी ऐकलं असतं ते भाषण राज्यभर मराठीत वाचलं गेलं. तेव्हा आपण सगळे म्हणालो, ऐकण्याआधी तोंड बंद करणं चूक. मग पाहण्याआधी सिनेमा बंद करा म्हणताना आपली जीभ अडखळत का नाही?

आता आपल्या जिल्ह्याच्या सिनेमाकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याची खरी कसोटी तिथं आहे. 'शेरनी' किती जणांनी पाहिला? दिग्दर्शक अमित मसुरकर, मुख्य भूमिकेत विद्या बालन, जून 2021 मध्ये ॲमेझॉन प्राइमवर आला. चित्रीकरण मध्य प्रदेशातलं आणि कथा काल्पनिक म्हणून सांगितलेली. पण पांढरकवडा-राळेगावच्या माणसाला दहाव्या मिनिटाला कळतं, की ही आपल्या अवनीची गोष्ट आहे. टी-1 वाघीण, तेरा माणसं मारल्याचा ठपका, दोन बछडे, सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा हस्तक्षेपाला नकार, आणि 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ झाडलेली गोळी.

आपल्या ग्रुपवर 'शेरनी'बद्दल एक शब्द नव्हता, कारण त्यात चिडण्यासारखं काही नव्हतं. पण बोलण्यासारखं किती होतं! विजय राजनं त्यात हसन नूरानी नावाचा प्राध्यापक केलाय. जिल्ह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा, वाघिणीचे नमुने गोळा करणारा, गावकऱ्यांशी नीट बोलणारा. तो टोपी घालून प्रवेश करत नाही, शायरी म्हणत नाही, देशप्रेमाचा दाखला देत नाही, शेवटी कुणासाठी गोळी झेलून मरत नाही. तो मुसलमान आहे आणि प्राध्यापक आहे, एवढंच. असे सर आपल्या जिल्ह्यातही आहेत, पण पडद्यावर आपण त्यांना किती वेळा पाहिलं? पन्नास वाईट सिनेमांवर ओरडणाऱ्या आपण या एका पात्राचं नाव एकमेकांना सांगितलं नाही. चांगलं पाहून गप्प राहिलो, तर तसं पुन्हा लिहावंसं कुणाला वाटेल?

आता अवघड प्रश्न. प्रत्यक्षात अवनीवर गोळी झाडणारे असगर अली खान मुसलमान होते, हैदराबादचे शिकारी नवाब शफाअत अली खान यांचे पुत्र. सिनेमातला शिकारी 'पिंटू' आहे, मुसलमान नाही. समजा मसुरकरांनी शिकारी मुसलमानच ठेवला असता, तर? त्या रात्री आपल्या ग्रुपवर काय फिरलं असतं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण ते खोटं झालं नसतं. पडद्यावर वाईट वागणारा प्रत्येक मुसलमान म्हणजे बदनामी नव्हे. बदनामी तेव्हा, जेव्हा त्याचं मुसलमान असणं हेच त्याच्या वाईटपणाचं कारण म्हणून दाखवलं जातं. हा फरक करता येणं म्हणजे सिनेमा पाहता येणं. तो करता येत नसेल, तर आपल्या रागाला कुणी किंमत का द्यावी?

'शेरनी'त मला खटकलेलंही सांगतो. सिनेमा प्रामाणिक अधिकाऱ्याच्या बाजूनं उभा राहतो, ते ठीक. पण मेलेली माणसं बहुतेक वेळा आकडाच राहतात. संध्याकाळी कापसाच्या शेतातून घरी परतताना मागं वळून बघणाऱ्या बाईची भीती त्यात पुरेशी नाही. तांब्याच्या खाणीनं वाघाची वाट अडवलेली दिसते तेव्हा वणीच्या कोळसा खाणींजवळ राहणाऱ्याच्या मनात जे येईल, ते मुंबईच्या समीक्षकाच्या मनात येणार नाही. तुमच्या मताची किंमत इथं आहे. तुम्ही मुसलमान आहात म्हणून आहेच, पण तुम्ही राळेगावचे, वणीचे, मारेगावचे आहात म्हणूनही आहे. हे आपण विसरलो. सिनेमाला आपण एकच प्रश्न विचारतो, यात आपल्याला कसं दाखवलं? यात शेतकरी कसा दाखवला, बाई कशी दाखवली, आपला जिल्हा कसा दाखवला, हे प्रश्न जणू आपले नाहीतच. सतीश मन्वर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' 2009 चा. पावसाची वाट बघणारा विदर्भातला कापूसवाला, आणि तो जीव देईल या धास्तीनं पोराला त्याच्यामागे पाठवणारी त्याची बायको. तो सिनेमा आपला नाही? आपल्या शेतावर पाऊस धर्म विचारून पडतो का?

उलट बाजूही बघू. 'हलाल' हा मराठी सिनेमा, दिग्दर्शक शिवाजी लोटन पाटील, कथा राजन खान यांची. म्हणजे मराठी मुसलमान लेखकानं मराठी मुसलमान घराबद्दल लिहिलेली गोष्ट. तो चित्रपटगृहात आला 2017 मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला. आपल्याबद्दल मराठीत कुणी सिनेमा काढत नाही, ही तक्रार आपण रोज करतो. काढला तेव्हा कितीजण गेलो? "घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला" असं म्हणणारे पुरुष होते. त्यांच्या घरातल्या बायकांना कुणी विचारलं का? आपले सगळे ग्रुप पोरांचे. बहिणीनं तोच सिनेमा तुमच्यापेक्षा लक्ष देऊन पाहिलेला असतो, पण तिचं मत स्वयंपाकघराच्या बाहेर येत नाही. हलालावरच्या सिनेमाबद्दल पहिलं बोलण्याचा हक्क तिचा आहे.

काही मित्र म्हणतील, सिनेमा पाहणंच जायज नाही. जो मनापासून तसं मानतो आणि पाहत नाही, त्याच्या श्रद्धेला माझा सलाम. त्याच्याकडे माझी एकच विनंती आहे. जे पाहिलं नाही, त्यावर फैसला देऊ नये. बातमी आली की आधी तहकीक करा, नाहीतर अजाणता कुणाचं नुकसान कराल आणि पस्तावाल, ही सूरह हुजुरातची शिकवण आपण जुम्याला ऐकतो. फॉरवर्डचं बटण दाबतानाही ती लागू आहे.

आणि सिनेमा हे आपलं क्षेत्रच नाही, असं म्हणणाऱ्यांनी 14 एप्रिलला भीमनगरात जाऊन यावं. तिथं पडदा बांधून 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' लावतात. तो बनवला पंढरपुरात जन्मलेल्या जब्बार पटेल यांनी, ज्यांनी आधी 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' दिले. बाबासाहेब साकारले केरळच्या मामुट्टी यांनी, राष्ट्रीय पुरस्कार मिळवून. ज्या केरळच्या मुसलमानांची एका टीझरनं 32,000 चा आकडा सांगून बदनामी केली, त्याच केरळचा एक मुसलमान नट पडद्यावर बाबासाहेब झाला आणि वस्तीनं त्याला मनापासून स्वीकारलं. ही केरळची गोष्ट तुम्ही कुणाला फॉरवर्ड केलीत?

तेव्हा मित्रांनो, बहिणींनो, एक साधा रिवाज पाडू. या जुम्यानंतर ग्रुपवर जो कुणी सिनेमाबद्दल लिहील, त्यानं चार गोष्टी सांगाव्यात. पूर्ण पाहिला का? कुठलं एक दृश्य लक्षात राहिलं? काय खटकलं आणि का? आणि कुणी पाहावा, अम्मीनं, धाकट्या भावानं, की वर्गातल्या मित्रानं? चार ओळी, मराठीत, म्हणजे तो वर्गातला मित्रही वाचू शकेल. ज्याला चारांपैकी पहिल्याचंच उत्तर देता येत नाही, त्यानं तेवढ्यापुरतं ऐकून घ्यावं.

सुरुवात मी करतो. 'शेरनी', पूर्ण पाहिला. नूरानी सर लक्षात राहिले. कापसाच्या शेतातल्या बाईची भीती राहून गेली, ते खटकलं. राळेगावच्या प्रत्येक पोरानं पाहावा आणि आपल्या आजीला विचारावं, त्या दोन वर्षांत संध्याकाळ कशी असायची.

पुढचा कोण?