बोंबलांचा वारा आणि तीन चाकांची बग्गी

भाईंदर स्टेशनहून उत्तनची बस राई, मुर्धा, मोर्वा मागे टाकत डोंगरीच्या वळणावर आली की खिडकीतून आधी सुक्या मासळीचा वास येतो आणि समुद्र मागाहून दिसतो. भाटे बंदरला उतरून वेलंकणी मातेच्या तीर्थमंदिरापाशी दुपारी तीनला उभं राहावं. त्या वेळी खारा वारा ऐन भरात असतो. बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील त्या वाऱ्यात एकाच बाजूला झुकलेले असतात. ही दुपार डोळ्यांसमोर असल्याशिवाय पुढचा प्रश्न नीट कळायचा नाही.

प्रश्न मिरा रोडच्या एका कॉलेजातल्या मुलाने टाकला. त्याने मोबाइलवर काइट बग्गीचे व्हिडिओ पाहिले होते. तीन जाड टायरांची, जमिनीला टेकेल इतकी बुटकी गाडी, हातात चार दोऱ्यांचा मोठा पतंग, पुढचं चाक पायांनी वळवायचं आणि ओल्या वाळूवर भन्नाट सुटायचं. त्यातही त्याला फ्रीस्टाइलचं वेड. म्हणजे मागची चाकं घसरवत गिरकी घेणं, एका बाजूचं चाक उचलून दोनांवर चालवणं, उलटं धावणं आणि पतंग डोक्यावर नेऊन गाडीसकट क्षणभर हवेत उठणं. ‘आपल्याला एवढा किनारा आहे, मग हे आपल्याकडे का नाही?’ असं त्याचं म्हणणं. महापालिकेने उत्तनला एक पट्टा द्यावा, असंही तो म्हणाला.

मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हा खेळ वाटतो तितका नवा नाही आणि वाटतो तितका थिल्लरही नाही. ब्रिस्टलमधल्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तरने 1826 मध्ये पतंगाने ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. घोडे नसल्यामुळे त्याच्या गाडीला टोल लागत नसे, असं सांगतात. याच गृहस्थाने आपल्या मुलीला, मार्थाला, खुर्चीत बसवून पतंगाने उंच उचललं होतं. पुढे ती मार्था क्रिकेटमहर्षी डब्ल्यू. जी. ग्रेसची आई झाली. मग दीड शतकाहून अधिक काळ या कल्पनेला फारसं कोणी विचारलं नाही. 1990 च्या सुमारास न्यूझीलंडच्या पीटर लिनने स्टेनलेस स्टीलच्या नळीची हलका तीनचाकी सांगाडा बनवला आणि आजची बग्गी जन्माला आली. (भाईंदर पूर्वेला स्टीलच्या गाळ्यांत ज्यांचा उभा जन्म गेला, त्यांना असा सांगाडा वाकवून जोडायला दोन दिवस पुरतील. पतंग मात्र बाहेरून मागवावा लागेल.)

खेळाच्या बाजूने आणखीही बोलता येतं. इंजिन नाही, पेट्रोल नाही, आवाज नाही. अलिबाग-नागावला वाळूवर घरघरणाऱ्या एटीव्ही ज्यांनी सोसल्या आहेत, त्यांना याची किंमत कळेल. शिवाय आपल्या शहराला पतंग परका नाही. संक्रांतीला भाईंदरच्या गच्च्यांवर काय चालतं ते पाहावं. ढील कधी द्यायची, खेच कधी मारायची, वारा पडला तर पतंग कसा सावरायचा, हे इथल्या दहा वर्षांच्या पोराच्या बोटांत आहे. फरक इतकाच की गच्चीवरचा पतंग बोट कापतो आणि बग्गीचा पतंग अख्खा माणूस उचलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. हे गणित ज्याला अंगाने कळलेलं नाही, त्याने बग्गीत बसूच नये. बग्गीला ब्रेक नसतो. पतंग वाऱ्याच्या कडेला नेऊन त्याची ताकद काढून घ्यायची आणि गाडी वळवायची, तेव्हा ती थांबते.

आता उत्तनकडे येऊ. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे आणि मार्च ते मेमध्ये दुपारचा वारा साधारण वायव्येकडून येतो. म्हणजे तिरका. बग्गीला किनाऱ्याने वर-खाली धावायला हा फारच सोयीचा. पण कोरडी भुसभुशीत वाळू चालत नाही, ओहोटीनंतरची घट्ट वाळू लागते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठला भरती आणि अडीचच्या सुमाराला ओहोटी. त्रयोदशीला हीच ओहोटी चारच्या आसपास. थोडक्यात, वारा आणि वाळू दोन्ही जुळायचे दिवस पंधरवड्यात चार-पाच. पौर्णिमा-अमावास्येला उधाण दुपारी बाराच्या आगेमागे येतं आणि वाळू मोकळी होईतो संध्याकाळ. बग्गीवाल्याला कॅलेंडरापेक्षा पंचांगच जास्त लागेल, ही गंमत मला आवडली.

त्या मुलाने पाहिलेला एक व्हिडिओ मी बंदरावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका नाखव्याला दाखवलं. त्याने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, दोनदा हसलाही. मग त्याने एकच विचारलं, दोरी सुटली तर तो पतंग जाणार कुठे?

उत्तर त्याच्या पाठीमागेच होतं. वारा समुद्राकडून गावाकडे. सुटलेला पतंग आणि वीस-पंचवीस मीटरच्या चार दोऱ्या आधी वलांडीवर जाणार, नाहीतर विजेच्या तारांवर. या दोऱ्यांना काचेची धार नसते. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै 2017 मध्ये बंदी घातलेल्या नायलॉन मांजाशी त्यांची गल्लत करू नये. पण ताणलेली दोरी वेगाने गळ्याशी आली की धार आहे की नाही हे विचारायला वेळ मिळत नाही.

दुसरी अडचण याहून चिवट आहे. पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै, मासेमारी बंद असते आणि किनारा त्या मानाने मोकळा असतो. पण तेव्हाचा वारा झंझावाती, एका झोतात दुप्पट होणारा, आणि पाऊस वेगळाच. बग्गीला हवा तो एकसारखा वारा आणि उन्हाळी दुपार, नेमकी हीच मासळी सुकवायचीही वेळ. ज्या वाऱ्यावर एकाची मौज आहे, त्यावरच दुसऱ्याचं वर्षाचं पोट आहे. हा वाद वेळापत्रकाने सुटणारा नाही.

शिवाय इथल्या लोकांचा ‘पर्यटन’ या शब्दावरचा विश्वास कधीच उडालेला आहे. मनोरी-गोराई-उत्तन पट्ट्याच्या पर्यटन आराखड्यांविरुद्ध त्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. शहराचा कचरा धावगी डोंगरावर येतो आणि त्याचा धूर खाली गावात उतरतो. अशा गावाला ‘फक्त एक पट्टा’ म्हटलं, तर पट्ट्यामागून काय येणार हे ते विचारणारच. मला त्यांची शंका रास्त वाटते.

‘मग मिठागरं आहेत की!’ असं कोणी म्हणेल. पण मिठागर उन्हाळ्यातच भरलेलं असतं, बांधांनी चिरलेलं असतं आणि कडेला कांदळवन. तिथे चाक फिरवायचं नाव काढू नये.

डेन्मार्कच्या रोमो बेटावर बग्गी आणि शिडाच्या गाड्यांना किनाऱ्याचा वेगळा भाग राखलेला आहे, हा दाखला हमखास दिला जातो. तिथली वाळू काही ठिकाणी किलोमीटरहून रुंद आहे. उत्तनला ओहोटीतही खडक डोकं वर काढतात. आपल्याला दाखला हवाच तर जवळचा घ्यावा. रायगडात किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती होतात. 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सशर्त मुभा दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला. कोर्टाची परवानगी ही झाली एक बाजू. शर्यत प्रत्यक्षात पार पडते ती गाव एका दिवसासाठी होड्या, जाळी, माणसं बाजूला घेतं म्हणून. गावाचीच हौस असल्यामुळे गाव ते करतं. बग्गी अजून कोणाच्याच गावची नाही.

तेव्हा माझं मत असं. उत्तनला पट्टा आज देऊ नये. महापालिकेने तर नाहीच, कारण तिने दिलेल्या जागेवर पुढच्या हंगामात ठेकेदाराचा तंबू दिसतो. मच्छीमार सोसायटीने स्वतः होऊन चार एकादश्या दिल्या, तर गोष्ट वेगळी. पण हा खेळ सरसकट उडवूनही लावू नये. पालघर जिल्ह्यात बोर्डीचा किनारा ओहोटीला दूरवर सपाट आणि घट्ट पडतो. मागायचंच तर तिथे जाऊन विचारावं, आणि तिथेही आधी कोळीवाड्यात. दरम्यान शिकण्याचा निम्मा भाग बग्गीशिवायच असतो. लहान पतंग, चार दोऱ्या, जमिनीवर घट्ट पाय. त्याला भाईंदर पश्चिमेचं सुभाषचंद्र बोस मैदान रिकाम्या सकाळी पुरेल. वारा तेव्हा मंद असतो, आणि नवशिक्याला तोच बरा. एक अडचण राहतेच: 1934 च्या विमान कायद्याने ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येत पतंगही धरला होता, त्यामुळे पोलिसाने हटकलं तर मुलाला उत्तर तयार ठेवावं लागेल.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. तो थोडा हिरमुसला, मग म्हणाला, येत्या रविवारी त्या नाखव्याकडे जाऊन बसतो. मी त्याला सांगितलं, रविवारी नको, माशांच्या लिलावाची वेळ टाळ, आणि जाताना मोबाइल खिशात ठेव.