बिनतारी जोड घेताना

मैत्रिणींनो, घरबसल्या हिशेबाची कामं घेता ना? मग लॅपटॉपवर वाकून मान मोडून घेण्यापेक्षा बिनतारी कीबोर्ड-माऊसचा जोड घ्या. हजाराच्या आतही मिळतो. मात्र दुकानात आधी नखाएवढा रिसीव्हर पाहा. दोघांना मिळून तो बहुधा एकच असतो, आणि हरवला तर स्वस्तातल्या बहुतेक जोडांना दुसरा चालत नाही. माझा केरात गेला, तोही ऐन महिनाअखेरीला! तेव्हा तो ठेवायला माऊसच्या पोटात खाच हवी. तो बसेल असं मोठं यूएसबी पोर्ट आपल्या लॅपटॉपला आहे ना, तेही घरूनच बघून जा. उजवीकडे आकड्यांची बटणं हवीतच. रंगाबिंगाला भुलू नका. भिंतीवरच्या घड्याळाचे सेल चालतील असा माऊस असला तर उत्तम. अडल्या वेळी घड्याळातला काढून घालता येतो!