भाकरी गेली, पाकीट आले

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर लाखोंच्या संख्येने कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर पुढे कोठे जाते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. शीतपेयांच्या बाटल्या, क्रीमची बिस्किटे आणि रंगीत गोळ्या यांच्या रूपाने साखर त्यांच्याच गावच्या टपरीवर येऊन बसते. धारूर, पाटोदा, वडवणी, कोठेही जावे. झालरीसारख्या लटकणाऱ्या पाकिटांच्या माळांआड दुकानदार दिसेनासा झाला आहे आणि फुटाणे-शेंगदाण्यांची बरणी अडगळीत गेली आहे.

लठ्ठपणा हा मुंबई-पुण्याच्या सुखवस्तूंचा आजार; दुष्काळी बीडचा त्याच्याशी संबंध काय, असे विचारणारे विद्वान आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटाभोवती घातक चरबी आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर दाखवून दिले आहे की, सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते आणि गर्भावस्थेतील कुपोषण पुढे मधुमेहाचा धोका वाढविते. अर्धपोटी राबणाऱ्या मातेच्या लेकरालाच पाकिटाचा धोका अधिक, असा याचा सरळ अर्थ आहे.

दुसरा युक्तिवाद विविधतेचा. बहुसांस्कृतिक समाजात कोणी काय खावे हे इतरांनी सांगू नये, असे म्हणतात. परंतु पाकीट ही कोणाची संस्कृती? बीडमधील मराठा, वंजारी, दलित, बंजारा वा मुसलमान घरांत सणावारांचे पदार्थ निराळे असतील. पण ज्वारी-बाजरीची भाकरी कोणत्याही एका जातीची वा धर्माची नव्हती. हुलग्याचे माडगे, अंबाडीची भाजी, तिळाची चटणी, करडईचे तेल हे सारे याच मातीतले. ही विविधता पाकिटाने मोडीत काढली. सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकच मैदा, एकच पामतेल आणि एकच मसाला चाटायला लावणाऱ्या बाजाराच्या बचावासाठी विविधतेचे नाव घेणे हा शुद्ध कांगावा आहे.

भाकरीची ही अवहेलना एका दिवसात झाली नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा परदेशी मिलो आणि सुकडीवर जगला. ती आपत्ती होती. पुढे रेशनवर गहू-तांदूळ स्थिरावले, शिवारात सोयाबीन आणि कापूस पसरले, करडई मागे पडली. आज देश गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो आणि त्यात मोठा वाटा पामतेलाचा असतो. भाकरी दारिद्र्याची खूण ठरली, बिस्कीट प्रगतीची! भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. महानगरांतील हॉटेलांत ज्वारी मिरवली. ती पिकविणाऱ्याच्या मुलाच्या डब्यात मात्र नूडल्स राहिल्या.

सारा दोष परदेशी कंपन्यांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. पाकिटावर स्वदेशी नाव छापल्याने मैद्याला सत्त्व येत नाही. स्वदेशीवर व्याख्याने ऐकून घरी परतणारी कुटुंबेही मुलाचा हट्ट दहा रुपयांच्या पाकिटावर भागवितात, वाढदिवसाला शीतपेयाच्या बाटल्या मांडतात. एका लहान बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना मात्र प्रौढानेही दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहावे, असे सुचविते.

उपाय अवघड नाहीत. शाळेच्या आवारात आणि ५० मीटरच्या परिघात अतिगोड, अतिखारट, अतितेलकट पदार्थ विकण्यास मनाई करणारे नियम २०२० सालीच झाले आहेत. त्यांच्या अंमलबजावणीसाठी पालकांनी उभे राहावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची तरतूद आहे. बीडच्या रेशनवर आणि शालेय आहारात बीडचीच ज्वारी नियमित मिळावी, अशी मागणी गावोगावच्या ग्रामसभांनी करावी. अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण तेथे पोहोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. हा लढा घरच्या चुलीपाशी लढायचा आहे. उद्या सकाळी मुलाच्या डब्यात काय जाणार, एवढ्या एका प्रश्नापासून त्याचा आरंभ व्हावा.