'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन'ची सक्ती संपली, पुढे काय?

इंजिनीअरिंग, बीसीए, बीएस्सी आयटी... कुठल्याही वर्गात जा आणि कुणालाही झोपेतून उठवून जावाचा पहिला प्रोग्रॅम विचारा. 'पब्लिक क्लास अमुकतमुक, महिरपी कंस, पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन, स्ट्रिंग, चौकटी कंस, आर्ग्ज...' आरतीसारखं तोंडपाठ! यातलं 'स्टॅटिक' कशाला, असं पहिल्या आठवड्यात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, 'ते पुढे कळेल, आत्ता लिहून घ्या.'

तर बातमी अशी की, सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ या आवृत्तीत ही सक्ती अधिकृतपणे संपली. आता नुसतं 'व्हॉइड मेन' लिहायचं, काय छापायचं ते आत एका ओळीत सांगायचं, की प्रोग्रॅम चालू. वर क्लास लिहायचीही गरज नाही. नवशिक्यांना पहिल्याच दिवशी मोठ्या प्रोग्रॅमसाठी बनवलेलं सगळं सामान डोक्यावर घ्यावं लागू नये, असं यामागचं कारण दिलं गेलंय. जुन्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्रॅम अर्थातच चालत राहणार.

तुम्ही म्हणाल, दोन-चार शब्द वाचले, त्यात काय एवढं? पण ज्या भाषेने हे केलंय ती बघा. १९९६ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावाची पहिली आवृत्ती बाजारात आणली तेव्हा तिचा बाणाच हा होता की, जे काही लिहाल ते क्लासच्या आत. सगळं जग म्हणजे ऑब्जेक्ट. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीला प्रोग्रॅमिंग म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड, आणि ते म्हणजे चार खांब (एन्कॅप्स्युलेशन, इन्हेरिटन्स वगैरे) असंच शिकवलं गेलं. आणि आता सगळ्यात कडक शिस्तीची ही भाषाच म्हणतेय, चालेल, क्लास नाही लिहिला तरी.

मुद्दा आहे 'पॅराडाइम'चा. शब्द जड आहे, अर्थ तेवढा नाही. प्रश्नाकडे बघायची, तो मांडायची पद्धत. माझ्यासारख्या मास कॉमवालीला तो समजला तो मेसच्या हिशेबातून. समजा, मेसमध्ये साठ मेंबर आहेत आणि पैसे थकवलेल्यांची यादी हवीय. पहिली रीत, वही उघडा, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत बोट फिरवत जा, बाकी दिसली की नाव वेगळ्या कागदावर उतरवा. ही झाली सी भाषेतली, पायरी-पायरीची रीत. दुसरी, प्रत्येक मेंबरकडे त्याचं कार्ड, हिशेब त्या कार्डावरच. आपण फक्त विचारायचं, 'तुझी बाकी आहे का?' हे ऑब्जेक्ट ओरिएंटेड. तिसऱ्या रीतीत अख्खी यादी चाळणीतून काढायची. थकबाकीदार वर राहतात, बाकीचे खाली पडतात आणि मूळ वहीवर एक रेघही उमटत नाही. हे फंक्शनल. आणि चौथी? काकूंना सांगायचं, 'थकबाकीदारांची यादी द्या.' त्या कशी काढतात, हा त्यांचा प्रश्न. डेटाबेसची एसक्यूएल भाषा असंच बोलते.

यादी चारही वेळा तीच येते. फरक पडतो तो मेंबर साठाचे साठ हजार झाल्यावर, किंवा एकाच वहीत चार जण एकदम लिहायला लागल्यावर. एकाने खोडलं, दुसऱ्याने तेच वाचलं, की बोंबला! २००५ च्या आसपास प्रोसेसरचा वेग वाढणं मंदावलं आणि एका चिपवर अनेक कोअर यायला लागले, तेव्हा नेमका हाच घोळ सगळ्यांच्या गळ्यात पडला. मूळ वहीला हात न लावणारी चाळणीची रीत तेव्हा अचानक कामाची वाटायला लागली. अचानक म्हणजे बाजाराला हो. लिस्प ही भाषा १९५८ पासून याच वाटेने चाललीय. फोरट्रान बनवणाऱ्या जॉन बॅकस यांनी तर १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात, फोरट्रान ज्या पठडीतली त्या पठडीतूनच प्रोग्रॅमिंगची सुटका करायला हवी, अशी मांडणी केली होती. स्वतःच्याच पोराबद्दल असं बोलायला धाडस लागतं.

जावाने हे मान्य करायला २०१४ उजाडलं. जावा ८ मध्ये लॅम्ब्डा आणि स्ट्रीम आले, म्हणजे चाळणीची सोय झाली. पुढे रेकॉर्ड आले आणि २०२३ च्या जावा २१ मध्ये स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग पक्कं झालं. हे सगळं फंक्शनल भाषांच्या घरातून आलेलं सामान. याला शेजाऱ्यांचा धाकही होताच. स्काला जावाच्याच यंत्रणेवर चालते आणि दोन्ही रीती एकत्र नांदवते. कॉटलिनमध्ये क्लासबाहेर फंक्शन लिहिता येतं आणि २०१९ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिलाच पहिली पसंती दिली. पायथॉनमध्ये तर पहिल्यापासून तुम्ही क्लास लिहा, नका लिहू, कुणी विचारत नाही.

मग सगळ्या भाषांनी सगळं घ्यावं, असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. लवचिकतेची किंमत वाचणाऱ्याला मोजावी लागते. एकाच प्रोजेक्टमध्ये एकाने लूप लिहिला, दुसऱ्याने तेच काम स्ट्रीमच्या सात कड्या जोडून केलं, तिसऱ्याने त्यासाठी पाच क्लासची उतरंड रचली, तर महिन्याभराने त्यात चूक शोधणाऱ्याचे हाल कुत्रा खात नाही. सी प्लस प्लस इतकी फुगलीय की प्रत्येक टीम तिचा आपल्यापुरता तुकडा ठरवून घेते. म्हणूनच गूगलने २००९ मध्ये गो ही भाषा मुद्दाम आटोपशीर ठेवली. त्यात इन्हेरिटन्स नाही आणि जेनेरिक्स यायलाही २०२२ उजाडलं. पायथॉनच्या गिदो व्हॅन रॉसम यांनाही एके काळी लॅम्ब्डा, मॅप, फिल्टर भाषेतून काढून टाकायचे होते. लोकांनी ऐकलं नाही. 'रिड्यूस'ची मात्र रवानगी एका कोपऱ्यातल्या मॉड्यूलमध्ये झालीच.

आणि जावा २५ बद्दलही एक खुलासा. क्लास खरं तर गेलेला नाही. तुम्ही लिहिला नाहीत, तर कंपायलर पडद्यामागे गुपचूप तयार करतो. म्हणजे घराचा पाया तोच, फक्त उंबऱ्यावर पाय धुवायची सक्ती उठली.

आपल्या दृष्टीने गोची वेगळीच आहे. जावाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, सिलॅबस मात्र काही वर्षांनी एकदा बदलतो. बऱ्याच कंपन्यांमध्ये आजही जुन्या जावावर काम चालतं, त्यामुळे 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' विसरून अजिबात चालणार नाही. त्यात आता एआयला प्रोग्रॅम मागितला, तर तो आज लूप देतो आणि उद्या त्याच प्रश्नाला स्ट्रीम. चालतं का, एवढंच बघून पुढे जाणारे मुलाखतीत 'हे असंच का लिहिलं?' या प्रश्नाला अडकतात, कारण वर्गात 'का' कुणी विचारलेलाच नसतो.

व्हायव्हातला तो लाडका प्रश्न आठवतोय? 'जावा पूर्णपणे ऑब्जेक्ट ओरिएंटेड आहे का?' छापील उत्तर असतं, 'नाही, कारण इंट, फ्लोटसारखे साधे प्रकार ऑब्जेक्ट नाहीत.' येत्या परीक्षेत त्यापुढे लॅम्ब्डा, रेकॉर्ड आणि क्लास न लिहिता चालणारं मेन एवढं जोडून बघा. एक्स्टर्नलनी जावा २५ पाहिलेली असेल, तर गप्पा रंगतील. नसेल, तर लॅबमधल्या मशीनवर कुठली आवृत्ती आहे, ते आधीच बघून ठेवलेलं बरं.