प्रमुख उमेदवार कोणी ठरविला?

निवडणुकीचे वारे सुटले की वर्तमानपत्रांतून एक शब्द हमखास वाचावयास मिळतो. तो म्हणजे 'प्रमुख उमेदवार'. उभे राहिले अकरा, पैकी प्रमुख दोघे, बाकीचे 'इतर'. आमचा शेतकरी बंधू ते वाचतो आणि त्या दोघांतला बरा कोण एवढाच विचार करू लागतो. उरलेले नऊ कोण व काय म्हणतात हे त्यास कोणी सांगत नाही, आणि तोही विचारीत नाही. मत देण्याच्या आधीच निम्मी निवड कोणी तरी उरकून टाकलेली असते. ती कोणी केली व कोणत्या मापाने केली, हे विचारणे आता जरूर झाले आहे.

विंचूरच्या उपबाजार आवारात कांद्याची ट्रॉली उभी राहते तेव्हा व्यापारी माल हातात घेऊन पाहतो आणि चारचौघांत बोली लावतो. त्यातही लबाडी होते, ती आमच्या वाचकांस आम्ही काय सांगावी! परंतु ट्रॉली फाटकाबाहेरच अडवून 'ही सारी गोल्टी, लिलावात घेऊ नका' असे कोणी म्हटले, तर त्या दिवशी लिलाव चालेल काय? राजकारणात मात्र फाटकावरची ही अडवणूक आपण मुकाट्याने सोसतो.

ही अडवणूक आपल्याच देशात आहे असे नव्हे. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण असावा हे पक्षाचे मतदार मते देऊन ठरवितात. तीस प्राथमिक निवडणूक म्हणतात. ऐकावयास गोष्ट फार चांगली. पण २०१५ साली रिपब्लिकन पक्षात १७ जण इच्छुक होते, तेव्हा ६ ऑगस्टच्या पहिल्या जाहीर वादसभेत एका दूरचित्रवाणी कंपनीने पाच जनमत चाचण्यांची सरासरी काढून दहा जणांस मुख्य व्यासपीठ दिले आणि सात जणांस त्याच दिवशी आधीच्या वेळेस, रिकाम्या सभागृहात बोलावून वाटेस लावले. चाचणीत नाव कोणाचे येते? जे लोकांनी ऐकले आहे त्याचे. आणि ऐकू कोणाचे येते? जो व्यासपीठावर आहे त्याचे. म्हणजे विहिरीत पाणी असेल तरच पोहरा मिळेल, आणि पोहरा असेल तरच पाणी काढता येईल! तरी त्या सातांपैकी कार्ली फिओरिना नावाच्या बाई अशा बोलल्या की पुढच्याच सभेत त्यांस वरच्या व्यासपीठावर घ्यावे लागले. बोलण्याची संधी मिळाली म्हणून त्या मोठ्या ठरल्या. मोठ्या होत्या म्हणून संधी मिळाली असे झाले नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हा प्रयोग एकदा झाला. २०१४ च्या लोकसभेच्या वेळी काँग्रेसने देशातील मोजक्या मतदारसंघांत उमेदवार मतदानाने निवडण्याचे ठरविले. त्यांत आपल्याकडील वर्धा व लातूर हे होते. पण मतदार कोण? पक्षाचे पदाधिकारी व पक्षातर्फे निवडून आलेले प्रतिनिधी. गावातला साधा सभासद दाराबाहेरच राहिला. वर्ध्यात तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे निवडले गेले, लातुरात दत्तात्रय बनसोडे. पुढे खऱ्या निवडणुकीत दोघेही पडले. त्या वर्षीची लाट मोठी होती, तेव्हा पराभवाचा सारा दोष या पद्धतीस देणे न्यायाचे होणार नाही. पण घरातल्या घरात केलेल्या निवडीस लोकांची निवड म्हणणेही न्यायाचे नाही. ती रीत पुढे रुजली नाही, आणि पुन्हा जुन्याच मुलाखती सुरू झाल्या.

या मुलाखती आपल्या लोकांनी पाहिल्या आहेत. जिल्हा परिषद असो की पंचायत समिती, इच्छुकांस तालुक्याच्या विश्रामगृहावर बोलावतात. आत दोन मिनिटे, बाहेर चार तास. आत विचारतात काय? 'इलेक्टिव्ह मेरिट' आहे काय? या शब्दाचा अर्थ आम्ही अनेकांस विचारला. कोणी म्हणाले गाड्या किती निघतील, कोणी म्हणाले सोसायटी, कारखाना, बँक यांत कोण आहे, कोणी म्हणाले भावकी किती मोठी. शेतीचे पाणी, शाळा, दवाखाना यांचे ज्ञान हा अर्थ एकानेही सांगितला नाही. या मापाने सुताराचा, कुंभाराचा, लोहाराचा, चर्मकाराचा मुलगा कितीही शहाणा असला तरी कधी प्रमुख ठरणार? गावात त्याची घरे चार. राखीव जागा आली म्हणजे त्यास शोधीत येतात, आणि तेव्हाही आपल्या ऐकण्यातलाच शोधतात. मग शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत कोणाचा तरी एबी फॉर्म निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पडतो आणि ज्याचे नाव त्यावर, तो प्रमुख. कायदाही त्यालाच मान देतो. १९९६ पासून मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो, इतरांस दहा लागतात. यंत्रावर त्याचे नाव आधी, अपक्षाचे सर्वांत शेवटी.

चाळणी मुळीच नको असे आम्ही म्हणत नाही. पन्नास नावांची यादी कोणासही वाचवणार नाही. अनामत रकमेची चाळणी आम्हांस त्यातल्या त्यात रास्त वाटते. एकूण मतांच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते, म्हणजे निवाडा मतदार करतात आणि तो मतदानानंतर होतो. आमचे भांडण आहे ते मतदानाआधीच्या, अंधारातल्या चाळणीशी.

ज्यांस 'इतर' म्हणून सोडून दिले त्यांचे काय होते, हे विंचूरकरांनी स्वतः पाहिले आहे. आपले गाव ज्यात येते त्या दिंडोरी मतदारसंघात २० मे २०२४ रोजी लोकसभेचे मतदान झाले. लढत भास्कर भगरे व डॉ. भारती पवार यांची, असे सर्वत्र छापून आले. भास्कर भगरे यांची निशाणी 'तुतारी वाजवणारा माणूस'. एक अपक्ष उमेदवारही होते. आडनाव भगरेच आणि निशाणी तुतारी.  मोजणी झाली तेव्हा त्यांस १ लाख ३ हजारांवर मते पडली होती! भास्कर भगरे १ लाख १३ हजारांच्या फरकाने आले म्हणून निभावले. साताऱ्यात तसे निभावले नाही; तेथे तुतारीवाल्या अपक्षास ३७ हजार मते, आणि विजयाचा फरक ३२ हजार ७७१. मग सर्वांनी ओरड केली की लोक फसले. ते खरेही असेल. पण उभे असलेले सारे उमेदवार कोण, कोणाची निशाणी कोणती, हे महिनाभर आधी लोकांस कोणी सांगितले होते काय? त्या अपक्षास तरी, बाबा तुझे म्हणणे काय, असे कोणी विचारले?

आम्हीही यात दोषी आहोत. 'मुख्य लढत' हे शब्द आमच्याही अंकांत छापले गेले आहेत. यापुढे विंचूर व परिसराच्या कोणत्याही निवडणुकीत अर्ज राहिलेल्या प्रत्येक उमेदवाराचे नाव, गाव, निशाणी व त्याचे म्हणणे सारख्याच जागेत आम्ही देऊ. त्यासाठी कोणाकडून पैसा घेणार नाही.

पक्षांकडे आमचे मागणे एवढेच. इच्छुक कोणास मानणार याची अट अर्ज भरण्याच्या महिनाभर आधी लेखी जाहीर करा. गणातील ठरावीक सभासदांच्या सह्या आणील तो इच्छुक, मग त्याच्या दारात गाडी असो वा नसो. मुलाखत विश्रामगृहाच्या बंद खोलीत न घेता गावच्या पारावर घ्या, सर्वांस सारखा वेळ द्या आणि सभासदांस चिठ्ठीने मत देऊ द्या. जो पक्ष हे कबूल करील त्याने आम्हांस तसे कळवावे. त्याचे पत्र आम्ही पहिल्या पानावर छापू. कोणाचेच आले नाही, तर तेही छापू.